नसलेल्या विहिरीची स्थळपाहणी

मुंबईहून आल्याला महिना होत आला, तरी शेजारच्या काकू अजून विचारतात, "मग, काय काय पाहिलं?" चौपाटी पाहिली का, राणीची बाग पाहिली का, कोणी नट दिसला का. मी म्हणते, "काकू, मी एक झाकण पाहिलं." त्या आईकडे बघून मान हलवतात आणि पोरगी वाळली म्हणतात. पण खरंच सांगते, पाच दिवसांत मी डोळे फाडून जे काही पाहिलं ते एक झाकण होतं, आणि त्याच्या खाली जे होतं ते. दरवेळी तोंडी सांगताना लोक मध्येच उठून जातात, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी मी कोण ते. मी मीनल तायडे, वकील, सनद मिळून दोन वर्षं झालेली. पर्यावरणाच्या कायद्यात काम करू पाहणाऱ्या नव्या वकिलांसाठी सरकारनं एक वर्षाची फेलोशिप काढली, तिच्यात माझा नंबर लागला. पहिले पंधरा दिवस एका थंडगार हॉलमध्ये आम्हाला नद्या, जंगलं, हवा आणि समुद्र शिकवले. "तुम्ही उद्याच्या पृथ्वीचे वकील आहात," असं एक साहेब म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अर्धा एसीमुळे. मग आम्हाला ऑफिसं वाटली आणि मला अकोलाच मिळालं. तिथे कळलं, की पृथ्वीच्या वकिलाला टेबल आहे, पण खुर्ची नाही. फेलो हे पद मंजूर पदांच्या यादीत नाही, त्यामुळे फेलोच्या नावावर खुर्ची निघत नाही. टेबल मागच्या कुणाचं तरी उरलेलं होतं म्हणून मिळालं. सहा महिने मी माझ्याच टेबलापुढच्या, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीवर बसते आणि कोणी भेटायला आलं की उठून उभी राहते.

ओळखपत्र मात्र झकास दिलं. हिरवी फीत, चकचकीत कार्ड, वर राजमुद्रा. ते गळ्यात घालून पहिल्या दिवशी निघाले तेव्हा आई म्हणाली, "बाप्पा! कलेक्टरीण दिसून राहिली." मी ते आंघोळीपुरतंच काढायची. ते गळ्यात घालूनच मी मुंबईला गेले आणि तिथेच सगळा घोळ झाला.

सोमवार : गिरगाव, मग फोर्ट

उतरले गिरगावात, मावशीकडे. मावशीची बिल्डिंग जुनी, जिना लाकडी, आणि प्रत्येक मजल्यावर एक तरी माणूस कठड्याला टेकून खाली बघत उभा. आमच्याकडे असं कोणी उभं राहिलं तर घरात काही झालंय का म्हणून विचारतात. इथे तो त्यांचा उद्योग आहे. मावशीनं पहिला धडा दिला, "कोणाला पत्ता विचारलास तर चालता चालता ऐक. थांबलीस तर तो सांगायचा थांबतो." हे शब्दशः खरं निघालं.

दुसरा धडा नारळाचा. विदर्भात आम्ही नारळ देवापुढे फोडतो, प्रसाद म्हणून चिमूटभर खातो आणि विषय संपतो. मावशीकडे तो भाजीत होता, आमटीत होता, चटणीत होता, आणि गोड म्हणून जे आलं त्यातही होता. मी तिखटाचा डबा मागितला तर मावशी घाबरली.

दुपारी फोर्टातल्या मुख्य कार्यालयात दळवी साहेबांपुढे उभी राहिले. दळवी साहेब म्हणजे पन्नाशीचे, खिशाला तीन पेनं, आवाज इतका मऊ की रागावले तरी कळायला वेळ लागतो. त्यांनी फाइल उघडली.

"परळला भाग्योदय चाळ आहे. चाळवाले म्हणतात, आमची विहीर बुजवू देऊ नका. शेजारी टॉवर बांधणारा बिल्डर म्हणतो, मला पार्किंगसाठी जागा सपाट करायची आहे आणि तिथे विहीरच नाही. जुन्या नोंदीत 'बुजवली' असा शेरा आहे."

"मग सर, कोणीतरी जाऊन बघायचं ना."

"म्हणून तर तुम्हाला अकोल्याहून बोलावलं. आमच्याकडे माणूस नाही."

"आणि विहीर असली तर?"

"नोंदीत नसलेली विहीर असेल कशी?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं. "आणि नसलेली विहीर बुजवायला परवानगी लागत नाही, मॅडम. हा त्यांचा मुद्दा. बिनतोड आहे. शुक्रवारी अकराला माझ्यापुढे सुनावणी. तोपर्यंत काही पुरावा आला नाही तर फाइल बंद, आणि शनिवारी ते भराव टाकायला मोकळे."

त्यांनी मला स्थळपाहणीचा छापील नमुना दिला. पहिलाच रकाना, विहीर क्रमांक. खाली बारीक अक्षरात टीप : क्रमांक नसल्यास पुढील रकाने भरू नयेत. मी टीप दोनदा वाचली. दळवी साहेब म्हणाले, "फार विचारपूर्वक केलेला नमुना आहे."

मंगळवार : परळ

परळला जाताना मान दुखते. एका बाजूला काचेचे टॉवर बघायला ती वर करायची, दुसऱ्या बाजूला चाळीच्या दारातली गटाराची जाळी चुकवायला खाली. भाग्योदय चाळ तीन बाजूंनी उभी, मध्ये फरसबंद अंगण. अंगणाच्या मधोमध एक गोल ओटा, त्यावर फळ्या, फळ्यांवर फुलाफुलांचं मेणकापड, त्यावर कॅरम बोर्ड. बोर्डाशेजारी, त्याच ओट्यावर, एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ मांडी घालून बसलेले. समोर खेळायला कोणी नाही. एकटेच सोंगट्या लावत होते.

मी कार्ड नीट पुढे घेतलं आणि विचारलं, "काका, विहीर कुठेय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "विहीर नाय हंयसर."

पहिल्या मजल्यावरची बाई वाळत घातलेल्या चादरीआडून ओरडली, "नाही हो मॅडम, कधीच बुजवली!" दुसऱ्या मजल्यावरून पुरुषाचा आवाज, "आमच्या आजोबांच्या टायमाला!" पायरीवर पाटी घेऊन बसलेली पाचेक वर्षांची मुलगी, जिला कोणी काही विचारलं नव्हतं, तीही म्हणाली, "बुजवली."

मी चक्रावले. फाइलमधली तक्रार काढली. पहिली सही, सुलभा परब, सेक्रेटरी. त्यांना बोलावलं. सुलभाताई जवळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर कामाला, सकाळपाळी करून नुकत्याच आलेल्या. बोलणं एकदम खटाखट. "विहीर? छे छे मॅडम. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच," मी म्हटलं आणि कागद पुढे धरला. "ही सही तुमची ना?"

सुलभाताईंनी सही बघितली, मग माझ्या कार्डावरची बारीक अक्षरं वाचली. "म्हणजे... तुम्ही डासवाल्या नाही?"

"मी डासवाली कशाला असेन?"

"अगं बाई!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि वर बघून ओरडल्या, "अहो, ही आपलीच आहे! आपण बोलावलेली!"

मग चहा आला आणि खुलासा झाला. पूर्वी डासांच्या तपासणीला माणसं यायची, उघडी विहीर दिसली की नोटीस, मग खेटे, मग दंड. कंटाळून तेव्हाच्या सेक्रेटरीनं फळ्या टाकल्या आणि चाळीला शिकवलं, की गळ्यात कार्ड असलेला माणूस दिसला की सांगायचं, बुजवली. एका तपासनिसानं बिचाऱ्यानं विश्वास ठेवून तसं लिहूनही टाकलं. तेव्हापासून चाळीतली पोरं पाढ्यांच्या आधी हे वाक्य शिकतात. आणि आता तोच शेरा बिल्डरनं शोधून काढला होता.

"आमचाच खोटेपणा आमच्या गळ्यात आला," सुलभाताई म्हणाल्या. "नळाला पाणी तासभर. साठ खोल्या. संडास, धुणी, भांडी, सगळं या विहिरीवर चालतं. ती गेली तर भांडण करायचीही गरज नाही हो. सहा महिन्यांत एकेक करून लोक आपणहून खोल्या सोडतील. त्याला तेच हवंय." हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला.

ओट्यावरच्या गृहस्थांना सगळे दाजी म्हणतात. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तेव्हा चाळीनं त्यांना झाकणावर बसायचं काम दिलं. पगार नाही, पण सकाळचा चहा एका घरचा, संध्याकाळचा दुसऱ्या. अधिकारी आला तर उठायचं नाही, एवढंच काम. चाळीस वर्षांत ते कार्डवाल्यापुढे एकदाही उठले नव्हते. मला दाखवायला मात्र उठले, कारण मी आपली होते. फळी सरकवली.

खाली काळंशार पाणी, आणि त्यात बारीक मासे, शेपटीला नारिंगी ठिपका. दाजींनी पोहऱ्यानं पाणी काढून तांब्या माझ्या हातात दिला. मी प्यायले. गोड. काय सांगू तुम्हाला, अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं माझं गाव. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आजोबांनी दोन विहिरी खणल्या आणि दोन्ही खारट निघाल्या. आणि इथे, काचेच्या टॉवरच्या सावलीत, असलं पाणी मेणकापडाखाली लपवून ठेवलेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दाजींना वाटलं ठसका लागला. त्यांनी पाठीवर थोपटलं.

फोटो काढायला वाकले आणि फितीचा चाप सुटला. हिरवी फीत, राजमुद्रा, कार्डावरचा माझा फोटो, सगळं डुबुक्कन आत. मासे बाजूला झाले आणि पुन्हा जमले.

मी किंचाळले. दाजींनी शांतपणे फळी लावली आणि मांडी घातली. "गेला तां बरा झाला. आता तू आमच्यातली झालंस गो, चेडवा." चेडवा म्हणजे पोरी, एवढं मला कळलं.

जेवायला सुलभाताईंकडे. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यातही नारळ होता, पण तो इतका भाजलेला की मी माफ केलं. त्यांनी सांगितलं, विहिरीत हे मासे सोडायला येणारे डासवाल्यांकडचे पेडणेकर रिटायर होऊन दादरला राहतात, त्यांना भेट.

बुधवार : दादर, मग लालबाग

पेडणेकर काकांच्या घरात बसायला जागा नव्हती, कारण सगळीकडे काचेच्या बरण्या आणि बरण्यांत गप्पी मासे. डासांची अंडी खातात ते. नोकरीभर काकांनी वॉर्डातल्या विहिरींत हेच सोडले.

"पण चाळवाले तर विहीर नाही म्हणायचे," मी म्हटलं.

"म्हणायचेच. युनिफॉर्म घालून गेलो की नाही म्हणायचे. मग मी दुपारी साध्या शर्टात जायचो, चहाच्या किटलीत मासे घालून. दाजीला म्हणायचो, चहा आणलाय. तो फळी चार बोटं उचलायचा. मी किटली ओतायचो, त्याच्याशी एक डाव कॅरम खेळायचो आणि यायचो. आम्ही एवढ्या वर्षांत विहीर हा शब्द उच्चारला नाही." त्यांनी हे असं सांगितलं, जसं कोणी जुन्या मैत्रीबद्दल सांगतं.

"आणि नोंद?"

"नोंद चोख! माशांच्या वहीत. विहिरींची वही शेजारच्या टेबलावर असायची. तो लिहायचा बुजवली, मी लिहायचो मासे सोडले. त्याचं टेबल वेगळं, माझं वेगळं. आम्ही एकमेकांच्या वहीत कधी डोकावलो नाही. बरं दिसत नाही ते."

त्यांनी चिठ्ठी दिली आणि साबुदाणा वडा खाऊ घालून लालबागला पाठवलं. जुन्या वह्या तिथल्या एका गोदामात, आणि गोदाम मसाल्याच्या दुकानांच्या मागे. तुम्ही लालबागला गेलात तर त्या गल्लीत रुमालाशिवाय शिरू नका. डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मिरच्या कुटत होते, हवाच लाल होती. विदर्भाची मुलगी म्हणून मी छाती काढून गेले आणि पहिल्या मिनिटाला सत्तावीस शिंका दिल्या. गोदामातला कारकून तीस वर्षं तिथे आहे, तो शिंकत नाही, फक्त बोलताना मध्ये थांबतो. वह्यांची पानंही लालसर. दोन तास शिंकत, रडत शोधलं आणि सापडलं : भाग्योदय चाळ, परळ, विहीर, गप्पी मासे, एक किटली. दरवर्षी. मी शिक्क्यासकट झेरॉक्स घेतली आणि गल्लीतून नाचत बाहेर आले. लोकांना वाटलं मिरची लागली.

गुरुवार : पुन्हा फोर्ट, पुन्हा परळ

कार्यालयाच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "कार्ड?"

"आत साहेबांना माहितीये मी कोण ते."

"मला नाही माहिती."

दळवी साहेबांना खाली यावं लागलं. तिथेच, उभ्या उभ्या, मी वहीची प्रत पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. "सुंदर अक्षर आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, यावरून मासे सिद्ध होतात. विहीर सिद्ध होत नाही."

"सर, मासे कशात सोडले मग?"

"ते या वहीचा विषय नाही."

"फोटो बघा ना सर!"

"पाण्याचा फोटो आहे. पाणी कुठलंही असू शकतं." मग माझ्या गळ्याकडे बघून, "तुमचं ओळखपत्र कुठेय?"

मी मान खाली घातली. "पडलं, सर."

त्यांनी लगेच एक अर्ज काढून दिला. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा अर्ज असतो. "इथे लिहा, प्रवासात गहाळ. शंभर रुपये भरा, दोन दिवसांत नवीन."

मी पेन टेकवलं आणि थांबले. "आणि कुठे पडलं ते माहीत असेल तर?"

"तर मात्र कटकट. शासकीय ओळखपत्र ज्ञात ठिकाणी पडलं असेल तर वरिष्ठानं स्वतः जागेवर जाऊन पंचनामा करायचा असतो. आणि सांगितलेलं ठिकाणच खोटं निघालं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मला ते पूर्ण ऐकू आलं. फेलोशिप संपली, अकोल्याला जा, त्या पाहुण्यांच्या खुर्चीवरही आता दुसरं कोणी बसेल.

मी लिहिलं : भाग्योदय चाळ, परळ येथील विहिरीत. खाली सही केली.

दळवी साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ते हसले का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "उद्या सकाळी नऊला," ते म्हणाले.

संध्याकाळी चाळीत मीटिंग. सुलभाताईंनी सांगितलं, उद्या साहेब येतील, खरं बोलायचं. सगळे म्हणाले, हात्तिच्या, त्यात काय. मग रंगीत तालीम घेतली. सुलभाताईंनी आपलं हॉस्पिटलचं कार्ड गळ्यात घातलं, जिन्यावरून उतरून आल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंना दरडावून विचारलं, "विहीर आहे का इथे?"

"नाही हो, कधीच बुजवली."

"अगं मालू!"

"अय्या! चुकून. कार्ड दिसलं ना."

दुसऱ्यांदा मालूताईंनी डोळे मिटून उत्तर दिलं तेव्हा जमलं. पुरुषांना तीनदा लागलं. एक जण "आहे" म्हणाला आणि सवयीनं पुढे म्हणाला, "पण बुजवली." हसून हसून लोक जमिनीवर बसले. फक्त दाजी एकटेच कॅरम खेळत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्ट्रायकर मारला आणि म्हणाले, "माका झोप इली." आणि झाकणावरून उठून गेले.

शुक्रवार : परळ

दळवी साहेब नऊला आले, बरोबर एक कारकून आणि पंचनाम्याचे कोरे कागद. गळ्यात कार्ड, आणि ते माझ्या कार्डापेक्षा मोठं. सगळी चाळ कठड्याला उभी. दाजी ओट्यावर, मांडी घालून, इस्त्रीचा सदरा.

"पंच म्हणून इथला सर्वांत जुना रहिवासी लागेल," साहेब म्हणाले. सगळ्यांनी एकदमच दाजींकडे बोट दाखवलं. सुलभाताईंनी डोळे मिटून घेतले.

"आजोबा, इथे विहीर आहे?"

दाजींनी साहेबांच्या कार्डाकडे बघितलं. मला वाटलं, आता 'आहे' म्हणतील. आणि ते म्हणाले, "नाय. विहीर नाय हंयसर."

वरून कोणाच्या तरी हातातली कळशी खणकन पडली. सुलभाताई ओरडल्या, "दाजी, अहो काय करताय!" दळवी साहेब मऊ आवाजात कारकुनाला सांगू लागले, "लिहा. रहिवाशांच्या सांगण्यानुसार विहीर अस्तित्वात..."

"सर, एक मिनिट!" मी म्हटलं.

"मॅडम, विहीर नाही, तर तुमचं कार्ड पडलं कुठे? ठिकाण तुम्ही सहीनिशी लिहिलंय. मला तेही नोंदवावं लागेल."

"तिका काय होतला?" दाजींनी एकदम विचारलं.

"काय?"

"ह्या चेडवाक. काय होतला तिका?"

"खोटी माहिती दिली म्हणून नोकरी जाईल," साहेब म्हणाले.

दाजींनी हळूच एक पाय खाली सोडला, मग दुसरा. कठड्यावरच्या कोणीही आयुष्यात हे पाहिलं नव्हतं. अधिकारी समोर उभा आणि दाजी उठले. त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, बोर्ड उचलून भिंतीला लावला, मेणकापडाची नीट घडी घातली. एकेक फळी बाजूला केली. कोणाला हात लावू दिला नाही.

"माझ्या तोंडान मी सांगूचंय नाय," ते म्हणाले. "तुमी बघा."

दळवी साहेब काठाशी गेले आणि वाकले. खूप वेळ वाकून उभे होते. मासे वर आले होते, भाकरीच्या आशेनं. मग साहेब ताठ झाले, चष्मा पुसला आणि कारकुनाला म्हणाले, "खोडा ते. नवीन कागद घ्या."

गळ टाकला. पहिल्या खेपेला बादली आली. दुसऱ्या खेपेला पितळी तांब्या, जो बघून मालूताई वरून ओरडल्या, "तो माझ्या रुखवताचा!" मग कॅरमची राणी, बादलीच्या गाळात, आणि दाजींनी ती खिशात घातली. पाचव्या खेपेला हिरवी फीत वर आली आणि चाळीनं अशा टाळ्या वाजवल्या की टॉवरवरचे मजूर वाकून बघायला लागले. कार्डावरचा माझा फोटो पुसून गेला होता, राजमुद्रा शाबूत होती. साहेबांनी स्वतः सगळं लिहवून घेतलं. वर्णन, एक बादली, एक तांब्या, एक शासकीय ओळखपत्र. ठिकाण, विहीर. पाणी, भरपूर. सही, शिक्का. दाजींनी पंच म्हणून सही केली, आणि सही करताना पंचनामा वाचायला साफ नकार दिला.

निघताना साहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले.

अकराला सुनावणी. बिल्डरच्या वकिलांनी अर्धा तास छान इंग्रजीत सांगितलं, की नोंदीनुसार विहीर नाही, सबब ती बुजवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दळवी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पण मी आज सकाळी तिच्यातून सरकारी मालमत्ता बाहेर काढली आहे," ते म्हणाले. "विहीर नसेल तर माझा पंचनामा खोटा ठरतो. माझा पंचनामा खोटा, असं आपलं म्हणणं आहे का?" वकील खाली बसले. आदेश झाला : जुना शेरा रद्द, विहिरीला क्रमांक द्यावा, भराव टाकू नये. क्रमांक मिळाल्यावर मी तो छापील नमुना पहिल्या रकान्यापासून भरला. सुलभाताई कार्यालयाच्या गॅलरीत उभ्या राहून तोंडावर पदर धरून रडल्या आणि मग मलाच रागावल्या, "तू कशाला रडतेस?"

अकोला

परवा मी ऑफिसात माझ्या टेबलापुढे, त्याच खुर्चीवर बसले होते. सुलभाताईंचा फोन आला. मागे भलता गलका.

"मीनल, नोटीस आली! डासवाल्यांची! विहीर उघडी ठेवली म्हणून!"

"अरे देवा. मग?"

"मग काय, पेढे वाटतोय! विहिरीच्या नावानं सरकारचा कागद आला गं! वर नंबर आहे तिचा! फ्रेम करायला टाकलाय." मालूताईंचा आवाज आला, पेढे अकोल्याला कसे पाठवायचे म्हणून. मग सुलभाताई म्हणाल्या, "थांब, दाजींना बोलायचंय. जेवत नाहीत नीट हल्ली."

दाजींचा श्वास आधी ऐकू आला. "गो चेडवा. फळ्यो काढल्यानी. चाळीस वर्सां थंय बसलंय. आता मी बसू खंय?"

सरकारनं सहा महिन्यांत ज्या मुलीला खुर्ची दिली नाही, तिलाच हा माणूस विचारत होता, आता बसू कुठे. मी म्हटलं, "दाजी, नोटीस नीट वाचायला सांगा ताईंना. काय करा म्हणतात?"

पलीकडे कागद सळसळला. सुलभाताई वाचत होत्या, आधी भरभर, मग सावकाश. विहिरीवर मजबूत झाकण बसवावे आणि ते कायम बंद राहील अशी व्यवस्था ठेवावी.

"ऐकलंत दाजी? सरकारचाच हुकूम आहे. बसा झाकणावर."

दाजींनी विचारलं, "आनी कोणी इचारल्यान तर?"

"तर सांगायचं, विहीर आहे."

"तां..." दाजी म्हणाले. "तां तूच येवन सांग गो."